‘क्रॉसिंग’ नावाचा गेम कुठं गेला

१. कुलूप शाबूत

बुधवारी सकाळी गजानन सेलूकर यांच्या टीव्हीवर काहीच दिसलं नाही. परतुरात बुधवारी सकाळी कुणाच्याच टीव्हीवर काही दिसत नाही, कारण तेव्हा वीज नसते. पण त्या दिवशी वीज होती आणि तरी दिसलं नाही. म्हणून सेलूकर काकांनी ही चोरी असल्याचं जाहीर केलं आणि मला बोलावणं पाठवलं.

मला का, ते सांगतो. मी भुजंग, मूळचा केदारखेड्याचा. स्टेशनच्या रस्त्यावर एका एसटीडी बूथवर बसतो. साल दोन हजार तीन. लोकांच्या खिशात मोबाइल यायला लागलेत, त्यामुळं बूथवर बहुतेक वेळ मी आणि पंखा असे दोघंच असतो. त्यातला पंखा बोलतो. मागं एकदा मोंढ्यातल्या बद्रीनाथ आडत्याची म्हैस हरवली होती, ती मी शोधून दिली. ती त्याच्याच गोठ्यात होती, पण तिथं आधी कुणी बघितलं नव्हतं. तेव्हापासून गावात काही हरवलं की लोक माझ्याकडं येतात. शिवाय माझ्याकडं बसायला बाक आहे.

सेलूकर काका एकटे राहतात. लग्न केलं नाही. पाटबंधारे खात्यात कारकून आहेत, या महिन्यात रजेवर, पण गावात त्यांची ओळख ती नाही. १९८५ साली ते पुण्यात ‘तरंग इलेक्ट्रॉनिक्स’ नावाच्या कंपनीत होते. टीव्हीला जोडून घरी गेम खेळायचा डबा ही कंपनी बाजारात आणणार होती. थोडे डबे तयारही झाले. मग मालकाच्या लक्षात आलं की आपल्या लोकांना खेळापेक्षा स्टॅबिलायझरची गरज जास्त आहे, आणि कंपनी स्टॅबिलायझर करू लागली. डबे भंगारात गेले. त्यातला एक काकांनी घरी आणला, आणि त्याच्यासोबत स्वतः लिहिलेला, कधीच बाजारात न आलेला एक गेम. नाव ‘क्रॉसिंग’.

आमची रेल्वेलाइन एकेरी. समोरून दुसरी गाडी यायची असली की आपली गाडी स्टेशनात उभी करून ठेवतात, त्याला क्रॉसिंग म्हणतात. परतूरच्या माणसाचं निम्मं तारुण्य क्रॉसिंगला जातं. त्याच्यावरच हा गेम होता, दोघांनी खेळायचा. एकानं स्टेशनमास्तर व्हायचं, सिग्नल पाडायचा, रुळावरची शेळी हाकलायची. दुसऱ्यानं ड्रायव्हर व्हायचं. परतूर, सातोना, सेलू, मानवत रोड अशा चार पायऱ्या, आणि शेवटी दोन गाड्या धडधडत एकमेकींजवळून गेल्या की सगळा पडदा हादरतो, असं काका सांगायचे. गावातल्या पोराटोरांना हे पाठ होतं.

आता झालं असं की पुण्यातला एक मुलगा जगभरातल्या न निघालेल्या गेमांची माहिती इंटरनेटवर गोळा करतो. त्यानं ‘क्रॉसिंग’चं नाव घातलं होतं, पण नावापुढं प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. म्हणजे असा गेम होता की नव्हता, देव जाणे. रविवारी तो परतूरला येऊन गेम उतरवून घेणार होता, आणि मग प्रश्नचिन्ह निघणार होतं.

“अठरा वर्षं सांगून राह्यलो लोकांना,” काका म्हणाले. “आता रविवारी काय दाखवू त्याला?”

मी तपासाला लागलो. कपाट बंद, कुलूप शाबूत, बोर्ड जागेवर. फक्त बोर्डातला गेम तेवढा गेला होता. पिशवी न फोडता कुणीतरी दूध नेलं होतं.

बोर्ड म्हणजे डब्यात खुपसायची तळहाताएवढी हिरवी पट्टी. बाजारात यायच्या आधीचा नमुना, म्हणून वर कव्हर वगैरे नव्हतं. मधोमध चिप, चिपवर कागदाचा चौकोनी तुकडा, त्यावर काकांच्या अक्षरात ‘क्रॉसिंग’. कोपऱ्यातल्या भोकात लाल दोऱ्याचा तुकडा अडकला होता.

कागद कशाला लावला, असं मी विचारलं. काका म्हणाले, नाव लिहायला. आणि दोरा? असंल कंपनीतलाच, म्हणाले.

कागद जरा तिरपा बसला होता. कडेला पांढरं काहीतरी वाळून त्याचे पापुद्रे निघत होते. मी नाक जवळ नेलं तर आंबूस वास. तेवढ्यात कागदाखालून एक मुंगी बाहेर आली, बोर्ड ओलांडला आणि काकांच्या मनगटावर चढली. तिला मी संशयितांत धरलं नाही. ही माझी पहिली चूक.

कुणावर संशय, असं विचारल्यावर काका बराच वेळ कूलरकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “सोमवारी मच्छिंद्र आल्ता. केबलची वायर बघायला.”

मी घराबाहेर पडलो तेव्हा हे वाक्य माझ्याआधी गल्लीच्या टोकाला पोचलं होतं.

२. संशयिताची झोप

मच्छिंद्र आमचा केबलवाला. दुपारपर्यंत दोन गल्ल्यांनी आपापल्या वायरी काढल्या आणि त्याच्या दारात नीट गुंडाळून ठेवल्या. एका बाईंनी तर वायरीला गजऱ्यासारखी गाठ मारली होती. मच्छिंद्र ते वेटोळं गळ्यात अडकवूनच बूथवर आला.

त्याचं म्हणणं, काम पाच मिनिटांचं होतं. वायर उंदरानं कुरतडली होती, ती जोडली, विषय संपला. मी म्हटलं, लोकांनी तुला जेवणाच्या आधी आत जाताना बघितलं आणि दिवस कलल्यावर बाहेर येताना. मधली दुपार कुठं गेली?

तो वेटोळ्याशी चाळा करत राहिला.

“झोपलो,” म्हणाला.

“चोरी करायच्या आधी की नंतर?”

“मजाक नको करू, भुजंगभाऊ. अख्ख्या गल्लीत कूलर त्यांच्याकडं एकट्याकडं. म्हन्लं जरा टेकावं. उठलो तं अंधारायला आल्तं. अंगावर चादर होती.”

“चादर कुणी टाकली?”

“काकानंच. शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. पेपर न्हाई, टीव्ही न्हाई, नुसते बसले होते. बिलकुल रागावले न्हाई. चहा केला. जाताना म्हन्ले, उद्या बी ये, वायर परत एकदा बघून घे.”

मला तिथं पहिल्यांदा शंका आली. काका जर पूर्ण दुपार उशाशी बसून होते, तर मच्छिंद्रनं कपाटाला हात लावला नाही हे त्यांच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? मग नाव का घेतलं?

मी मच्छिंद्रला विचारलं, तू हा गेम कधी बघितलास का. नाही म्हणाला. मीही बघितला नव्हता. आम्ही रस्त्यानं जाणाऱ्या चार जणांना थांबवून विचारलं. सगळ्यांना पडदा हादरतो हे ठाऊक होतं, पण हादरलेला पडदा बघितलेला माणूस मिळेना. बद्रीनाथ आडत्यानं तर गाड्या जवळून जातात तेव्हाचा आवाज तोंडानं काढून दाखवला. फार सुरेख काढला. कुठं ऐकलात विचारल्यावर म्हणाला, ऐकला न्हाई, पण असाच असणार.

गेम दोघांचा आणि काका एकटे. मी परत त्यांच्या घरी गेलो आणि विचारलं, दुसरी बाजू कोण खेळायचं?

काका कपबशी पुसत होते. एकच कप, एकच बशी, पण पुसत मात्र बराच वेळ राहिले.

“अरुंधती होती एक कंपनीत,” म्हणाले. “आता अंकुशनगरला असते म्हणतात.”

कोण म्हणतात, ते त्यांनी सांगितलं नाही.

३. अंकुशनगर

अंबडला गाडी बदलून मी अंकुशनगरला उतरलो तेव्हा तिथं माणूस दिसेना. गाळप संपलं की साखर कारखान्याची वसाहत जत्रा उठलेल्या मैदानासारखी होते. चिमणीला धूर नाही, काट्यावर बैलगाडी नाही. चहाच्या टपरीवाल्यानं मला पत्ता सांगितला आणि वर थोडं थांबायचा आग्रह केला. दिवसभरात गिऱ्हाईक म्हणून मीच होतो.

अरुंधतीबाई कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होत्या. नवरा कारखान्यात केमिस्ट होता, तो वारला. त्या इथल्या शाळेत गणित शिकवत, म्हणून कारखान्यानं क्वार्टर राहू दिलं होतं. सुट्टी असल्यामुळं त्यांच्याकडंही बऱ्याच दिवसांत कुणी आलेलं नसावं, कारण मी कोण हे विचारायच्या आधी त्यांनी कैरीचं पन्हं आणून ठेवलं.

मी गजानन सेलूकरांचं नाव काढलं. त्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला परत भरला.

तरंग कंपनीत त्यांचं काम गेम खेळायचं होतं. खेळून चुका काढायच्या. “वडिलांना मी टायपिस्ट असल्याचं सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “खेळायचा पगार मिळतो म्हटलं असतं तर त्यांनी मला घरी आणलं असतं.”

मी त्यांना चोरीची हकिगत सांगितली. कुलूप, बोर्ड, कोरा पडदा, येणारा रविवार. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी मी, खरं तर आपल्या मनाच्या समाधानासाठी, विचारलं की शेवटच्या पायरीला दोन गाड्या जवळून जातात तेव्हा पडदा खरंच हादरायचा का.

त्यांनी माझ्याकडं गणित चुकलेल्या मुलाकडं बघावं तसं बघितलं.

“गाड्या?” त्या म्हणाल्या. “कुठल्या गाड्या?”

४. शेळी

त्या गेममध्ये गाडी नव्हतीच.

स्टेशन होतं. सिग्नल होता. रुळावर शेळी होती. अरुंधतीबाई सिग्नल पाडायच्या, शेळी हाकलायच्या, शेळी परत यायची. शेजारी ड्रायव्हर म्हणून गजानन डब्याला जोडलेली दुसरी मूठ हातात धरून बसलेला असायचा. त्याला काही कामच नसायचं, कारण चालवायला गाडी नव्हती.

“पुढच्या आठवड्यात गाडी येईल, असं दर आठवड्याला म्हणायचा,” त्या म्हणाल्या. “मग एका आठवड्यात तोच गेला. नोकरी सोडून परतूरला. मला दुसऱ्यांकडून कळलं.”

चार पायऱ्या? नव्हत्या. सातोना, सेलू? नाही. एकच स्टेशन.

मी म्हटलं, मग तुम्हाला कंटाळा आला असेल.

“नाही यायचा. शेळी फार छान होती. हाकलली की चार पावलं जायची आणि मान वळवून बघायची.” त्यांनी मान वळवून दाखवली. मग ओशाळून पदर सारखा केला.

निघायला उठलो तेव्हा सहज बोर्डाचं वर्णन केलं. तिरपा कागद, वाळलेलं पांढरं. ते ऐकून त्या दारातच थांबल्या. कागद कुणी काढला, विचारू लागल्या. मी म्हटलं, काढला तर काढला, नाव लिहायचाच कागद तो.

“नाव लिहायचा? कुणी सांगितलं तुम्हाला?” त्या म्हणाल्या. “त्या चिपला वर काचेची खिडकी असते. चिप पुसायची झाली की कंपनीत ती खिडकी उघडी करून निळ्या दिव्याखाली ठेवायचे. कडक उन्हात काही दिवस राहिली तरी पुसली जाते. म्हणून झाकायला कागद. गजानन तर ओरडायचा सगळ्यांवर, कागदाला हात लावाल तर याद राखा म्हणून.”

त्यांनी मला क्वार्टरच्या फोनचा नंबर सांगितला, गेम सापडला तर कळवा म्हणाल्या. न सापडला तर काय करायचं, तो विषय दोघांनीही काढला नाही.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी हिशेब लावला. चोरी झालीच नव्हती. कुणीतरी कागद काढला आणि बाकीचं काम उन्हानं केलं. पण मे महिन्यात परतुरात उन्हावर संशय घ्यायचा म्हणजे गावात धुळीवर संशय घेण्यासारखं. ते सगळीकडंच असतं. प्रश्न एवढाच, की बोर्ड उन्हात कुठं होता.

तेव्हा मला मुंगी आठवली. मुंग्या चिपा खात नाहीत. कागद ज्यानं परत चिकटवला होता, ते खायचं काहीतरी होतं. आंबूस, पांढरं, वाळलं की पापुद्रे निघणारं.

आमच्या केदारखेड्याच्या घरी उन्हाळ्यात हा वास पायरीपासून येतो. गव्हाचा चीक. कुरडयांचा.

५. चिमण्यांचा बंदोबस्त

काकांच्या शेजारी गोजरबाई राहतात. त्यांच्या घरावर पत्रे आहेत, त्यामुळं दर उन्हाळ्यात त्यांचं वाळवण काकांच्या गच्चीवर असतं. जिना बाहेरून आहे, विचारायचं कारण नाही. तीन लेकींच्या घरचं मिळून करतात, म्हणून अक्षय्य तृतीयेच्या आधीपासून गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते.

मी वर गेलो तेव्हा त्या बाजेवर पसरलेल्या कुरडया उलटत होत्या. बाजेवरून तार बांधलेली, तारेला लाल दोऱ्यांनी मच्छिंद्रच्या बिघडलेल्या सीड्या टांगलेल्या. वारं आलं की सीड्या चमकायच्या आणि कठड्यावरच्या चिमण्या विचारात पडायच्या.

एक दोरा रिकामा होता. खालून तुटलेला.

मी विचारलं, इथं काय होतं.

“ते हिरवं न्हाई का,” गोजरबाई म्हणाल्या. “सोन्यावानी दात असलेलं.”

त्यांनी सगळं सांगितलं, हात न थांबवता. काका एका सकाळी गच्चीवर बसून ती पट्टी खोडरबरनं घासत होते, दात उजळत होते. खाली फोन वाजला म्हणून ते उतरले आणि पट्टी कठड्यावर राहिली. गोजरबाईंना वाटलं, सीड्यांसारखीच वाया गेलेली असंल. त्यांनी तिला दोरा बांधला. मग दिसलं की मधल्या कागदाखाली काहीतरी लकाकतंय. नखानं कागद काढला तर खाली काच.

“बारीक आरसाच की. मंग त्योच वर केला. चिमन्या फिरकल्या न्हाईत बगा.”

मी म्हटलं, आणि काकांना हे ठाऊक नव्हतं?

“नसाया काय झालं? सांजच्याला गादी घिऊन वर आले. मी म्हन्लं, सायेब, कामाचं असंल तं काढून देते. लई येळ बघत राह्यले. मंग म्हन्ले, राहू द्या. वाळवण झाल्यावर द्या.”

त्यांनी शब्दाप्रमाणं मंगळवारी दिलं. पराई वस्तू जशी होती तशी द्यावी, म्हणून कागद जपून ठेवला होता, तो चिकानं परत लावला.

हे आधी का नाही सांगितलं, असं मी विचारल्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

“मला कुनी इचारलंच न्हाई. सगळे मच्छिंद्रलाच इचारून राह्यलेत.”

६. गच्चीवर

संध्याकाळी काका गादी पसरत होते तेव्हा मी गेलो. उन्हाळ्यात परतुरात सगळे गच्चीवर झोपतात, खाली फक्त कपाटं झोपतात. म्हणजे बोर्ड तारेला होता त्या सगळ्या रात्री काका त्याच्याखाली झोपले होते. हे मी त्यांना सांगितलं. कागद कशासाठी असतो हे मला अंकुशनगरला कळलं, तेही सांगितलं. मच्छिंद्रवर चादर कुणी टाकली, हे सांगायची गरज पडली नाही. ते गादीच्या काठावर बसले होते.

शेजारच्या गच्चीवर कुणीतरी रेडिओ लावला, मग बंद केला.

“पुण्याहून फोन आला तेव्हा आनंद झाला मला,” काका म्हणाले. “कपाटातून काढला, लावला. किती वर्षांनी. स्टेशन आलं. सिग्नल पडला. शेळी आली. आणि मी बघत बसलो, गाडी येती का. मीच लिहिलेला, भुजंग. मला ठाऊक की गाडी न्हाई. तरी दुपारपर्यंत बघत बसलो.”

त्यांनी उशी मांडीवर घेतली.

“त्या पोरानं उतरवून घेतला असता, जगानं खेळला असता, आणि सगळे असेच बसले असते. गोजरबाईनं टांगला तेव्हा म्हटलं, बरं झालं. हरवला तर निदान गाडीसकट हरवंल.”

गाडी का लिहिली नाही, असं मी विचारलं. मला वाटलं कंपनी बंद पडली, वेळ मिळाला नाही, असं काहीतरी सांगतील.

“जागाच उरली न्हाई. त्या चिपमध्ये दोन पानी पत्राएवढी जागा. निम्मी शेळीनं खाल्ली.”

“शेळीला एवढी कशाला?”

“अरुंधती म्हणाली, कान हलले तर बरं. मी कान हलवले. मंग म्हणाली, मान वळवून बघितलं पाहिजे. त्याला आठवडा गेला. तिला आवडून राह्यलं होतं, मी करून राह्यलो होतो. शेवटी गाडी घालायला गेलो तं इंजिनाचा धूरसुद्धा मावेना. शेळी कमी करावी लागली असती. मला ते तिला सांगता आलं न्हाई. म्हणून आलो निघून.”

मला हसू यायला पाहिजे होतं. एका शेळीनं अख्खी रेल्वे खाल्ली होती. पण समोरचा माणूस उशीचा अभ्रा सरळ करत होता, आणि तो आधीच सरळ होता.

मी म्हटलं, मच्छिंद्रच्या दारात वायरींचा ढीग लागलाय. त्यानं काय केलं होतं? नाव त्याचंच का घेतलं?

“तू विचारलंस, घरी कोण आल्तं,” काका म्हणाले.

“मी विचारलं, संशय कुणावर.”

“तेच ते. माझ्याकडं दुसरं कुणी येतच न्हाई.”

७. रविवार

पुण्याचा मुलगा रविवारी आला. वय बावीस, नाव काकासाहेब. काका त्याला अहो-जाहो करत होते आणि तो काकांना काका म्हणत होता, त्यामुळं पहिली काही मिनिटं कोण कुणाशी बोलतंय ते कळेना. मच्छिंद्रला मी बोलावलं होतं. बद्रीनाथ आडत्या पडदा हादरताना बघायला आपणहून आला होता. गोजरबाई दारात उभ्या होत्या.

काकासाहेबानं बोर्ड आपल्या लॅपटॉपला जोडला, बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, चिप कोरी आहे.

सगळे मच्छिंद्रकडं बघायला लागले. मच्छिंद्र जमिनीकडं. मी काकांकडं.

काका उभे राहिले. आपल्याच घरात, चार माणसांसमोर, प्रार्थनेला उभं राहतात तसे.

“मच्छिंद्र इथं झोपला होता,” म्हणाले. “मी जागा होतो. त्यानं काहीच केलं न्हाई. गेम मी घालवला. त्याच्यात गाडी नव्हती.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, शेळीसकट. गोजरबाईंचं नाव तेवढं घेतलं नाही. पण त्यांनी दारातूनच सांगून टाकलं की चिमण्यांसाठी आपणच टांगलं होतं, आणि फार गुणाचं निघालं.

“म्हणजे पडदा हादरत न्हाई?” बद्रीनाथनं विचारलं.

“न्हाई.”

तो सगळ्यांत जास्त दुखावला. आवाज त्यानं स्वतः बसवला होता. चपला घालून निघून गेला. मच्छिंद्र मात्र जागचा हलला नाही. त्यानं काकांकडं बघितलं आणि विचारलं की सोमवारी तुम्ही मला, वायर परत बघायला ये, म्हटलं होतं, ते कशाला, वायर तर बराबर होती. काका म्हणाले, होती. मच्छिंद्रनं यावर बराच विचार केला. मग म्हणाला, वायरी काढल्या त्या गल्ल्यांना हे मी सांगणार न्हाई, तुम्हीच चला संगं. काका हो म्हणाले.

काकासाहेब अजून बोर्डाकडंच बघत होता. त्याला वेगळाच प्रश्न पडला होता.

“शेळी कान हलवायची? त्या डब्यावर?”

“हलवायची. मानही वळवायची.”

“एवढ्या जागेत?” त्यानं लॅपटॉप मिटला. “काका, त्या काळात त्या असल्या डब्यांवर माणसं चौकोनी होती. बॉल चौकोनी होता. गाड्या सगळ्यांनीच केल्या. मान वळवून बघणारी शेळी कुणी केली असेल असं मला वाटत नाही.”

काका खाली बसले.

“पण मी ते लिहू कसं?” तो म्हणाला. “चिप कोरी. तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर प्रश्नचिन्ह निघत नाही. त्यात तुम्ही आत्ताच म्हणालात की इतकी वर्षं लोकांना गाडी सांगत होता. ती शेळी दुसऱ्या कुणी बघितली आहे का?”

मला माहीत होतं. मी गप्प बसलो, कारण हे मी सांगायचं नव्हतं.

“एक जण आहे,” काका म्हणाले.

आम्ही सगळे उन्हातून बूथवर आलो. काका केबिनमध्ये शिरले, काचेचं दार ओढून घेतलं आणि रिसीव्हर उचलून तसेच उभे राहिले. नंबर त्यांना ठाऊक नव्हता. मी तो बाहेरून लावला. बाकावर काकासाहेब आणि मच्छिंद्र शेजारी शेजारी बसले आणि दोघंही मीटरकडं बघायला लागले.

पलीकडं नुसती घंटी वाजत असते तोवर मीटर हलत नाही. ती कितीही वेळ वाजू दे. मी या धंद्यात असे लोक बघितलेत जे तेवढं ऐकून जातात. काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. घंटी वाजत राहिली. मला वाटलं, बाई शाळेत असतील, मग आठवलं, सुट्टी आहे. मग वाटलं, झोपल्या असतील.

लाल आकडा हलला.

आत काका तोंड उघडून उभे. ओठ हलेनात. आकडा परत हलला. मच्छिंद्र बाकावरून उठला, काचेशी गेला आणि बोटानं टकटक केलं. काकांनी त्याच्याकडं बघितलं. मग आमच्याकडं पाठ केली, भिंतीकडं तोंड केलं, आणि दाराच्या फटीतून एवढंच ऐकू आलं:

“गजानन बोलतोय. परतूरहून. ते गाडीचं राहूनच गेलं.”